पैजेने घोडा शिकत नाही

विष्णुपंत छत्र्यांची गोष्ट आमच्या यवतमाळकडेही अधूनमधून कानावर येते. शाळेचं स्नेहसंमेलन, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर, तरुण उद्योजकांचा मेळावा. वक्ता बदलतो, गोष्ट तीच. मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली. घोड्यांच्या कसरती पाहून लोक तोंडात बोट घालून बसले. चिआरिनी गुर्मीत म्हणाला, असलं काही हिंदुस्थानात व्हायचं नाही. त्यावर प्रेक्षकांतला एक मराठी माणूस ताडकन उठला, त्याने पैज घेतली आणि बघता बघता स्वतःची सर्कस उभी केली. इथे टाळ्या पडतात. मग वक्ता समोरच्या पोरांना विचारतो, आहे का तुमच्यात अशी जिद्द? पोरं काय, 'हो' म्हणून ओरडतात. जेवणाची वेळ झालेली असते.

या गोष्टीला माझा विरोध आहे आणि तो केवळ तपशिलापुरता नाही. चिआरिनी आला होता हे खरं. त्याची 'रॉयल इटालियन सर्कस' १८७९च्या सुमारास मुंबईत होती, कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांबरोबर विष्णुपंतांनी ती पाहिली आणि पुढे त्यांची 'ग्रेट इंडियन सर्कस' निघाली, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती सांगितल्या जाणाऱ्या कारणाबद्दल. परक्याने डिवचलं, आपला माणूस पेटून उठला आणि सर्कस झाली, असं एकदा ठरवून टाकलं की तो माणूस त्या दिवसापर्यंत काय करत होता हे विचारायची गरजच उरत नाही. विष्णुपंत तेव्हा चाळिशीला आले होते. तोवरचं आयुष्य त्यांनी घोड्यांत घालवलं होतं. आपल्या गोष्टीत त्यातलं एक वर्षसुद्धा येत नाही.

आधी गोष्टीचीच उलटतपासणी करू. ती दोन ठिकाणी सारखी सापडत नाही. कुठे चिआरिनी नुसता हिणवतो. कुठे तो सहा महिन्यांची मुदत घालतो आणि हजार रुपये व एक घोडा पैजेला लावतो. इंग्रजी लिखाणात तर आणखी कमाल आहे. तिथे विष्णुपंत 'कुर्डुवाडीच्या राजा'च्या चाकरीत असतात आणि पहिला खेळ कुर्डुवाडीच्या राजवाड्याच्या मैदानावर होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडी जंक्शनवर ज्यांनी रात्री-अपरात्री गाडी बदलली आहे त्यांनी एकदा त्या राजाचा वाडा शोधून पाहावा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं कुरुंदवाड कोणाच्या तरी लेखणीतून घसरून रेल्वे स्टेशनावर पडलं आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने तेच उतरवलं. गाव कोणतं हे ज्यांना धड ठाऊक नाही, त्यांना चिआरिनी भर तंबूत काय बोलला ते मात्र शब्दन्‌शब्द ठाऊक असतं.

पण संवाद खरा की खोटा यावर मी अडून बसणार नाही. झाला असेल असा संवाद. माणसं बोलतात, त्यातून सर्कसवाला बोलणारच, बढाई मारणं हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे. माझा आक्षेप घोड्याच्या बाजूने आहे. ग्रेट इंडियन सर्कशीच्या पहिल्या खेळाची तारीख सर्रास २० मार्च १८८० अशी दिली जाते. ती खरी धरली, तर टोमणा आणि खेळ यांच्यामध्ये फार तर काही महिने पडतात. एवढ्या अवधीत तंबू शिवून होईल, बाकं होतील, जाहिरातीचे कागद छापून होतील. घोडा तयार होणार नाही.

का होणार नाही ते नीट सांगतो, कारण सगळा वाद इथेच आहे आणि भाषणं ठोकणारे इथेच घाई करतात. घोडा हे मुळात पळून जीव वाचवणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे काही हललं की तो बिथरतो, आणि बिथरला की विचार करत बसत नाही, सुटतो. आता या जनावराला तंबूत न्या. डोक्यावर वाऱ्याने फडफडणारं कापड, दिव्यांचा झगमगाट, बँड, शेकडो माणसांच्या टाळ्या, वर कुठल्याशा पिंजऱ्यातून येणारा वाघाचा वास. या सगळ्यात त्याने न बुजता गोल फिरायचं आहे, आणि तेही एका लयीत. घोड्याच्या पाठीवर उभा राहणारा कसरतपटू घोड्याच्या टापांवर तोलून असतो. पाय निसटू नये म्हणून पाठीवर राळेची पूड चोळतात, ती पायापुरती ठीक आहे. घोड्याने मध्येच अर्धी टाप आखडती घेतली तर वरचा माणूस थेट मातीत.

म्हणून सुरुवात फार खालून करावी लागते. आधी अंगाला हात लावू देणं, पाय उचलू देणं, खरारा करून घेणं. मग लांब दोर लावून गोलात फिरवणं. डाव्या अंगाने नीट जमलं की तेच सगळं उजव्या अंगाने पुन्हा पहिल्यापासून. एका बाजूने शिकलेलं दुसऱ्या बाजूने आपोआप येईल अशा भरवशावर जाणकार कधी राहत नाही. कदम, दुडकी आणि दौड या चाली हाकेसरशी बदलायला शिकवणं. मग दोर काढायचा, आणि दोर नसतानाही तो असल्यासारखाच घोडा गोलात राहिला पाहिजे. आत मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला लांब चाबूक हा मुळात त्याचा लांबवलेला हात असतो. खांद्याच्या रोखाने दाखवला की घोडा बाहेरच्या अंगाला सरकतो, मागून दाखवला की पुढे निघतो, खाली केला की थांबतो.

आणि यातलं सगळ्यात अवघड काम डोळ्यांना दिसतच नाही. घोड्याने बरोबर केलं त्याच क्षणी त्याच्यावरचा दाब काढून घ्यायचा. दोर सैल, चाबूक खाली, नजर दुसरीकडे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. दोन क्षण उशीर झाला तर तो त्या दोन क्षणांत केलेली भलतीच हालचाल शिकून बसतो आणि ती घालवण्यात पुढचे कित्येक दिवस जातात. हा अंदाज पुस्तकात मिळत नाही, आणि रागाच्या भरात तर मुळीच येत नाही. अपमानाने पेटून उठलेला माणूस घोड्यासमोर उभा राहिला तर घोडा त्याचा पेटलेपणा तेवढा ओळखतो आणि लांब पळतो. मागच्या दोन पायांवर उभं राहणं, गुडघे टेकून मुजरा, बँडच्या ठेक्यावर पावलं टाकणं हे सगळे या पायावरचे मजले आहेत.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: "अहो, पण विष्णुपंतांनी करून दाखवलं ना? इतक्या थोड्या दिवसांत केलं, हीच तर त्यांची थोरवी!" नाही. इतक्या थोड्या दिवसांत झालं याचा सरळ अर्थ असा की घोडे आधीच तयार होते, निदान अर्धे तयार होते, आणि शिकवणारा हात तर पुरता तयार होता. पैजेची आवृत्ती खरी मानली तरी हेच निघतं. ज्याला घोडा ठाऊक नाही तो असली पैज घेईल तर त्याला जिद्दी म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात. विष्णुपंतांनी ती घेतली असेल तर रिंगणात त्यांना जे दिसलं ते त्यांच्या ओळखीचं होतं म्हणून. बाकीचे प्रेक्षक चमत्कार पाहत होते. हे आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाचं काम पाहत होते.

चिआरिनीही त्याच धंद्यातला, हेही सांगायचं राहून जातं. तो जुन्या सर्कसवाल्या घराण्यातला आणि स्वतः घोडेवाला. मुळात सर्कस ही गोष्टच घोडेवाल्यांची. फिलिप अ‍ॅस्टली हा इंग्रज घोडदळातून निवृत्त झालेला सार्जंट-मेजर. त्याने १७६८मध्ये लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यापेक्षा गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं सोपं पडतं, कारण दोघेही आतल्या बाजूला कलून तोल धरतात. सुमारे ४२ फूट व्यासाचं रिंगण त्याच्याकडून जे ठरलं ते आजतागायत जगभर टिकून आहे. विदूषक, डोंबारी, वाघ-सिंह ही सगळी मंडळी मागाहून आली. म्हणजे इंग्लंडात सर्कस काढली ती घोडदळातल्या माणसाने, आणि इकडे काढली ती संस्थानी पागेतल्या माणसाने. यात योगायोग नाही आणि चमत्कारही नाही.

आता पागेबद्दल. विष्णुपंत आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. ऐन उमेदीत ते ग्वाल्हेरला गेले आणि तिथे त्यांनी दोन विद्या घेतल्या: गाणं हद्दू खाँकडून, घोडा बाबासाहेब आपट्यांकडून. ही दोन नावं शेजारी ठेवून पाहा. हद्दू खाँ म्हटलं की हस्सू खाँ, नत्थू खाँ, ग्वाल्हेर घराणं, कोण कोणाचा शागीर्द, कोणाची तान कशी, कोणाशी कोणाचं वाकडं, हे सगळं आपल्याकडे पोथ्या भरून लिहिलेलं आहे. आपट्यांचं काय? त्यांनी घोडा कोणाकडून घेतला? त्यांच्याकडे आणखी कोण शिकले? त्यांची शिकवायची रीत दख्खनी होती की उत्तरेकडची? याबद्दल आपण अवाक्षर जपून ठेवलेलं नाही. एकाच शहरात, एकाच दरबाराच्या सावलीत दोन विद्या नांदत होत्या. एकीचं घराणं झालं. दुसरीचं एक नाव उरलं, आणि तेही शिष्याने सर्कस काढली म्हणून उरलं.

गाण्याच्या इतिहासातही विष्णुपंत येतात, पण आश्रयदाते म्हणून. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ, ज्यांना पुढे भूगंधर्व म्हणू लागले, त्यांना विष्णुपंतांनी आपल्याजवळ सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव फिरवलं, त्यांचे जलसे लावले. रहिमत खाँ मनस्वी होते, व्यवहाराचं भान नसलेले होते, अफूच्या आहारी गेले होते. त्यांच्या मर्जीचा क्षण ओळखून त्यांना गायला बसवणं हे कोणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना सांभाळलं. संगीतवाले हा प्रसंग मोठ्या प्रेमाने सांगतात आणि त्यात विष्णुपंतांची गुरुभक्ती पाहतात. ती होतीच. पण दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्याची जी सवय लागते, ती त्या माणसाला कुठल्या कामातून लागली असेल, असा प्रश्न मला पडतो. (खाँसाहेबांच्या चाहत्यांनी रागावू नये. घोड्याशी तुलना मी करत नाही. केली असती तर कमीपणा कोणाला आला असता याचीही मला खात्री नाही.)

कुरुंदवाड, सांगली, मिरज, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थानं. १८१८ नंतर लढाया संपल्या, पण पागा राहिल्या. दसऱ्याच्या स्वारीला, शिकारीला, पाहुण्यांसमोर मिरवायला घोडे लागतच होते. शिलेदाराचं काम गेलं, मोतद्दाराचं आणि चाबूकस्वाराचं टिकून राहिलं, तेही दिवसेंदिवस आटत. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली एक विद्या जवळ होती आणि तिला गिऱ्हाईक म्हणून एकटा संस्थानिक उरला होता. विष्णुपंतांनी केलं ते हे की त्या विद्येला हजारो गिऱ्हाइकं मिळवून दिली. जे राजासमोर व्हायचं ते तिकीट काढून आलेल्या विणकरासमोर, शेतकऱ्यासमोर, रेल्वेच्या कारकुनासमोर होऊ लागलं. मला त्यांचं कौतुक करायचं झालं तर मी याचं करीन. ही बुद्धी धंद्याची आहे आणि ती चिआरिनीला हरवण्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

जे घेतलं ते घेतलं म्हणायलाही हरकत नसावी. तंबू, रिंगण, तिकिटांचे वर्ग, खेळांचा क्रम, बँड हा सगळा साचा परका होता आणि विष्णुपंतांनी तो उचलला. स्वदेशीच्या भरात काही जण अश्वमेधापासून सर्कस होती असं सांगू लागतात, शालिहोत्राचा दाखला देतात. शालिहोत्राच्या नावावरच्या ग्रंथांत घोड्याची लक्षणं आहेत, त्याचे रोग आहेत, औषधं आहेत, तिकीटखिडकी नाही. आणखी एक मान्य करतो. चाबूक कधी जनावराच्या अंगावर पडलाच नाही, असं मी म्हणणार नाही. जगातल्या कुठल्याच सर्कशीबद्दल असं म्हणता येत नाही. आपल्याकडे अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ केंद्र सरकारच्या १९९८च्या अधिसूचनेने बंद झाले, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, आणि ते योग्यच झालं. मारून शिकवणारे होते. पण ते होते म्हणून न मारता शिकवणारा नव्हताच, असं ठरत नाही. उलट दोघांतला फरक ओळखायचा तर आधी शिकवण्याचं काम काय असतं ते माहीत पाहिजे.

केरळवाले यावर वेगळाच वाद घालतात. त्यांच्या मते भारतीय सर्कशीचे जनक तलश्शेरीचे कीलेरी कुञ्ञिकण्णन. विष्णुपंतांची सर्कस दौऱ्यावर तलश्शेरीला गेली, तिथे व्यायामशिक्षक असलेल्या कुञ्ञिकण्णन यांच्याशी गाठ पडली, आणि पुढे १९०१मध्ये कुञ्ञिकण्णन यांनी चिरक्करा इथे सर्कशीची शाळा काढली. तिथून निघालेल्या मुलामुलींनी पुढचं जवळजवळ शतकभर देशातले तंबू चालवले. हा वाद मला फोल वाटतो. एकाने घोडे शिकवले, दुसऱ्याने माणसं. मात्र एक गोष्ट तलश्शेरीकडून शिकण्यासारखी आहे: त्यांनी आपल्या माणसाला गुरू म्हणून लक्षात ठेवलं. आपण आपल्या माणसाला पैज जिंकणारा म्हणून ठेवलं. आणि असं एकदाच घडलेलं नाही. म्हैसाळच्या देवलांची सर्कस आली, तासगावच्या परशुराम माळींची आली. पुण्याचे दामू धोत्रे मामाच्या सर्कशीतून निघून अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले, बिबळे आणि जग्वार घेऊन त्यांनी तिथलं रिंगण गाजवलं. धोत्र्यांचं नाव घेताना आपण 'वाघाशी झुंजणारा मराठी मर्द' असंच घेतो. झुंजले असते तर म्हातारे झाले नसते.

मग ही अपमानाची गोष्ट इतकी आवडते का? कारण ती आपल्याला फुकटात मोठं करते. जमशेदजी टाटांना वॉटसन हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्टही याच जातीची. तिला भक्कम पुरावा नाही. तरी १९०३मध्ये उघडलेल्या त्या हॉटेलचं सांगताना भांडवल, वीज, लिफ्ट, मुंबईतली प्लेगनंतरची परिस्थिती यांतलं काही कोणाला आठवत नाही, दारावरचा तो अपमान तेवढा आठवतो. अपमान सर्वांनाच होतो, त्यामुळे गोष्ट ऐकणाऱ्याला आपणही अर्ध्या वाटेवर पोचलो असं वाटतं. ग्वाल्हेरला जाऊन वर्षानुवर्षं लीद उचलायची म्हटलं की मेळाव्यातली गर्दी पांगते.

सांगली-कुरुंदवाडचा हा कज्जा यवतमाळातून कशाला चालवायचा, असं कोणी म्हणेल. चालवायचा, कारण आमच्याकडे तो दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो, फक्त घोड्याच्या जागी बैल असतो. कापसाच्या शेवटच्या वेचण्या होत आल्या, तूर निघाली की विदर्भात शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, हंगाम लागतो. पट झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी येते: अमुक पाटलांची जोडी पहिली, इतके सेकंद, इतकं बक्षीस, अमुक आमदारांच्या हस्ते. मालक आला, बैलांची नावं आली, आमदार आले. छकड्यावर बसलेला धुरकरी आलाच तर शेवटच्या ओळीत. आणि ही जोडी ज्याने गोऱ्हे असल्यापासून घडवली तो कुठेच नाही.

तो माणूस काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. नवा गोऱ्हा तो एकदम छकड्याला जुंपत नाही. आधी एका बाजूला जुना, शांत बैल आणि दुसऱ्या बाजूला हा, मानेवर नुसतं जू. असं रिकाम्या वावरात चालवत राहतो. जुन्याच्या पावलाला पाऊल मिळालं की मग हलका ओंडका ओढायला देतो, मागून येणाऱ्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. छकडा त्याच्याही नंतर. सरावाला पूर्ण वेगाने क्वचितच सोडतो, आणि बैलाला आणखी पळायचं असतं तेव्हाच थांबवतो. संध्याकाळी ढेप-कुटार पुढे टाकल्यावर बैल कसा खातो ते बघत बसतो. खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशीचा सराव बंद. आमच्या भागातल्या अशाच एका म्हाताऱ्याचं म्हणणं मला चिआरिनीच्या सगळ्या संवादांपेक्षा मोलाचं वाटतं: "पयाले त बैलाले येतेच. त्याले थांबाले शिकवा लागते." घोड्याबद्दल वर जे सांगितलं त्याचं सार या दोन वाक्यांत आहे, आणि हा म्हातारा ग्वाल्हेरला कधी गेलेला नाही.

शंकरपटावरून जो मोठा वाद झाला त्यातही हाच माणूस गायब होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला, १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत एक पक्ष म्हणत होता, बैलाला टोचून, शेपटी पिरगाळून पळवतात. दुसरा म्हणत होता, ही आमची परंपरा आहे, अस्मिता आहे, देशी वाण यानेच वाचेल. पहिल्याच्या लेखी बैल फक्त मार खाणारा होता, दुसऱ्याच्या लेखी तो झेंड्यावरचं चित्र. बैल शिकतो आणि त्याला कोणीतरी शिकवतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

प्राणिमित्रांना माझा प्रश्न असा की टोचल्याने बैल पळतो हे खरं, पण सरळ पळतो का? जोडीदाराच्या पावलाला पाऊल मिळवून, रेषा न सोडता, गर्दीत न घुसता पळायला लागणारी गोष्ट तुतारीच्या, म्हणजे टोचणीच्या, टोकाला नसते. टोचणाऱ्याने टोचावं आणि त्याला शिक्षा व्हावी. पण सगळ्या पटवाल्यांना एकाच दावणीला बांधल्याने बैलाचं भलं होत नाही. परंपरावाल्यांना विचारायचं आहे ते असं: बंदीची सात-आठ वर्षं तुम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली, त्या काळात जोड्या घडवणारे लोक कोणाकडे मजुरीला गेले, याची विचारपूस किती जणांनी केली? पटाचा बैल वेगात असतो ती वर्षं थोडी. बंदी उठेपर्यंत त्या बैलांची एक अख्खी फळी म्हातारी झाली होती. नवे गोऱ्हे विकत मिळाले. शिकवणारे हात विकत मिळत नाहीत.

गंमत अशी की नव्या नियमांनी या माणसाची किंमत वाढवली आहे आणि ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना आता मनाई आहे. मोडेल त्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मग नियम पाळून जिंकायचं तर बैल आधीच शिकलेला हवा. म्हणजे पट इमानदारीने भरवायचा असेल तर तो मालकाच्या पैशावर चालणार नाही, धुरकऱ्याच्या दांडगाईवर तर नाहीच. जोडी घडवणाऱ्यावर चालेल.

घोड्यांचंही आमच्याकडे थोडंफार उरलं आहे. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात गेलं की लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तिथून आलेली एखादी घोडी यवतमाळच्या लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभी असते. छाती हादरवणारा आवाज, डोळ्यांवर दिवे, पायाशी फटाके, पाठीवर घामाघूम नवरदेव, आणि ती जागची हलत नाही. वरातीतला एकही माणूस तिच्याकडे बघत नाही, लगाम धरून उभ्या असलेल्या घोडीवाल्याकडे तर नाहीच. तिला त्या गोंगाटात उभं करावं का, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ते बघवत नाही. पण तिला उभं राहायला ज्याने शिकवलं त्याचा हात विष्णुपंतांच्याच जातीचा आहे, आणि त्याच वरातीतला एखादा जण दुसऱ्या दिवशी शिबिरात जाऊन चिआरिनीची गोष्ट सांगणार असतो.

तेव्हा येत्या हंगामात जिल्ह्यात जिथे जिथे पट भरेल तिथल्या मंडळांकडे एक साधी मागणी करावी म्हणतो. नोंदणीच्या वेळी मालक, गाव आणि बैलांची नावं विचारता, तशी जोडी कोणी घडवली हेही विचारा, आणि निकाल पुकारताना ते नाव भोंग्यावरून पुकारा. ढाल मालकाने खुशाल घरी न्यावी. आमच्याकडे मालकच जोडी घडवतो, अशी हरकत काही गावांतून येईल. मग त्याचं नाव दोनदा पुकारा.